माझ्या फिल्मचे शेजारी

पोस्टरवर पानांच्या त्या दोन फांद्या आल्या आणि त्यांच्यामधे एखाद्या महोत्सवाचं नाव बसलं, की बघणाऱ्याला वाटतं, फिल्म जगभर गाजतेय. सात-आठ फांद्या जमल्या की पोस्टर रोपवाटिकेच्या जाहिरातीसारखं दिसायला लागतं. माझ्याही पोस्टरवर त्या आहेत आणि मी त्या मिरवते, उगाच साळसूदपणा कशाला? पण त्या फांद्यांवरून एक गोष्ट कधीच कळत नाही : फिल्म कुठल्या दोन फिल्म्सच्या मधे दाखवली गेली. आणि भरपूर हिंडून झाल्यावर माझं पक्कं मत झालंय, की शॉर्ट फिल्मचं त्या दिवशी काय होणार हे निम्मं तिथंच ठरतं.

आधी फिल्मबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढची रडगाणी कळायची नाहीत. अ‍ॅनिमेशनची शॉर्ट फिल्म, श्रेयनामावली धरून साडेनऊ मिनिटं. बंद पडलेला एक छापखाना, तिथला रात्रपाळीचा पहारेकरी, आणि एक यंत्र, जे त्याच्या मते अजून चालतं. संवाद एकही नाही. चारकोलने कागदावर काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा फोटो. पुसलेलं पूर्ण जात नाही. पहारेकऱ्याचा हात उजवीकडे गेला, तर डावीकडे आधीच्या हाताचा धुरकट डाग राहतो. मला ते डागच हवे होते. माणूस जिथून गेला तिथं थोडा उरतो, असं काहीतरी डोक्यात होतं. जवळजवळ सगळी फिल्म रात्री घडते, म्हणजे पडद्यावर काळा आणि काळ्याच्या आगेमागेचे करडे. आवाजही तसेच बारीक : किल्ल्यांचा जुडगा, कुठंतरी गळणारा नळ, त्याचा श्वास. काळोख आणि बारीक आवाज, एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा ताप यातूनच आहे.

अ‍ॅनिमेशन शॉर्ट बघायला तिकीट काढून सिनेमागृहात कोणी येत नाही. तिचं थिएटर म्हणजे महोत्सव, आणि हे आजचं नाही. फ्रान्समधल्या आनसीला अ‍ॅनिमेशनचा स्वतंत्र महोत्सव सुरू झाला १९६० साली, आणि त्याच वर्षी जगभरच्या अ‍ॅनिमेटर्सची असिफा ही संघटना उभी राहिली, कॅनडातले नामवंत अ‍ॅनिमेटर नॉर्मन मॅक्लारेन तिचे पहिले अध्यक्ष. मग १९७२ला तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं झाग्रेब, १९७६ला ओटावा, १९८५ला हिरोशिमा. झाग्रेब हे नाव उगाच आलेलं नाही. तिथल्या स्टुडिओत काम करणाऱ्या दुशान वुकोतिचने अ‍ॅनिमेटेड शॉर्टचं ऑस्कर मिळवलं, आणि अमेरिकेबाहेरच्या कोणी ते पटकावण्याची ती पहिलीच वेळ. हिरोशिमाचा महोत्सव मात्र २०२०च्या आवृत्तीनंतर थांबला. महोत्सवही बंद पडतात, हे फिल्म करायला घेताना कुणाच्या डोक्यात नसतं.

दुसऱ्या बाजूला सर्वसाधारण शॉर्ट फिल्म महोत्सव. फ्रान्समधला क्लेर्मों-फेराँ हा त्यातला सगळ्यांत मोठा. मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, म्हणजे मिफ, १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशन एकाच छताखाली घेतो. अशा ठिकाणी अ‍ॅनिमेशनची गंमत होते. गंभीर, हाताने धरलेल्या कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या दोन फिल्म्स झाल्या, की प्रेक्षकांना जरा मोकळं वाटावं म्हणून मधे एक अ‍ॅनिमेशन टाकतात. ती मोकळं वाटायला लावणारी आहे की नाही हे कधीकधी कोणी नीट बघितलेलं नसतं. ‘अ‍ॅनिमेशन आहे ना, मग चालेल.’ माझा पहारेकरी असा दोन-तीनदा विरंगुळा म्हणून कामाला लागलाय. एकदा तर घरगुती हिंसाचारावरच्या बावीस मिनिटांच्या फिल्मनंतर. अंधारात दाराची कडी वाजते, या माझ्या पहिल्याच शॉटला शेजारच्या बाई दचकून खुर्चीत मागे सरकल्या. त्या अजून आधीच्याच घरात होत्या.

पाठवण्याचं काम कंटाळवाणं, ते झटपट उरकते. २०१४ला फिल्मफ्रीवे हे महोत्सवांना अर्ज करायचं संकेतस्थळ आलं आणि पाठवणं फार सोपं झालं. त्याआधीचं विदाउटअबॉक्स २०१९ला बंदच पडलं. सोपं सगळ्यांनाच झालं, त्यामुळे प्रत्येक महोत्सवाकडे अर्जांचा पूर आला. नकाराच्या पत्रात हमखास असतं, की यंदा विक्रमी संख्येने फिल्म्स आल्या. दरवर्षी विक्रमच. तुम्हाला लागतं काय, तर तीन लांबीचे सारांश (एका ओळीचा, पन्नास शब्दांचा, दीडशे शब्दांचा), छापता येतील अशा मोठ्या स्थिरप्रतिमा, स्वतःचा एक बरा फोटो, पासवर्ड घातलेला स्क्रीनर (निवडणाऱ्यांनी बघायची ऑनलाइन प्रत), आणि संवाद असतील तर वेळेसकट संवादयादी. माझ्या फिल्मला संवाद नसल्यामुळे सबटायटल्सचा खर्च वाचला, आणि कुठल्याही भाषेच्या प्रेक्षकांसमोर ती जशीच्या तशी लागली. बिनसंवादाची फिल्म करण्याचं कारण विचारलं की मी कलात्मक उत्तर देते. खरं कारण अर्धं हे आहे.

एक गोष्ट मात्र नवख्यांनी फिल्म संपायच्या आत ठरवावी, ती म्हणजे पहिल्यांदा कुठं. मोठे सर्वसाधारण महोत्सव प्रीमियरचा आग्रह धरतात, म्हणजे त्यांच्या आधी ती कुठंच दाखवलेली नको. कानच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत तर श्रेयनामावलीसकट पंधरा मिनिटांच्या वर काही चालत नाही. अ‍ॅनिमेशनचे बरेच महोत्सव प्रीमियरबाबत बऱ्यापैकी सैल असतात, तिथं फिल्म किती जुनी आहे एवढं बघतात, बहुधा दीड-दोन वर्षांच्या आतली. पण फिल्म इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली, की बरीच दारं एका दिवसात बंद. मित्रमंडळी म्हणतात, ‘टाक ना लिंक, बघू तरी.’ त्यांना थांबायला सांगायचं. थोडे रुसतात, रुसू द्यावं.

‘ऑस्करला पाठवलीस का?’ हाही ठरलेला प्रश्न. विचारणाऱ्याला वाटतं, तिथं पाकीट पाठवायचं असतं. अकादमीच्या यादीतल्या एखाद्या महोत्सवात ठरावीक पुरस्कार मिळाला, तर तुमच्या फिल्मला अर्ज करता येतो. नाहीतर लॉस एंजेलिस काउंटीत किंवा त्यांनी नेमून दिलेल्या दुसऱ्या शहरांपैकी एकात सात दिवस तिकीट लावून दाखवावी लागते, किंवा विद्यार्थ्यांच्या अकादमी पुरस्कारात पदक मिळवावं लागतं. लांबी चाळीस मिनिटांच्या आत. मग त्यातून पंधरांची यादी, आणि त्यातून पाच. हे एवढं सांगून होईपर्यंत विचारणारा फोनमध्ये गेलेला असतो.

आता मुद्द्यावर येते.

प्रोग्रॅमर मंडळी, म्हणजे महोत्सवात काय आणि कुठल्या क्रमाने दाखवायचं हे ठरवणारे, शॉर्ट फिल्म्स एकेकट्या निवडत नाहीत. त्यांना पंचाहत्तर ते नव्वद मिनिटांचे कार्यक्रम बांधायचे असतात. चार मिनिटांची फिल्म कुठंही बसते. वीस मिनिटांची फिल्म घेतली, तर तिच्या जागी मावल्या असत्या अशा तीन-चार फिल्म्स बाहेर जातात, त्यामुळे तिला त्या सगळ्यांपेक्षा चांगलं असावं लागतं. साडेनऊ मिनिटं म्हणजे मधली अवघड जात. एका महोत्सवाच्या प्रोग्रॅमरबाईंशी माझी चांगली गट्टी जमली, आणि पुढच्या वर्षीची मांडणी चालू असताना त्यांनी मला शेजारी बसू दिलं. नावं दिसू नयेत अशी अट होती, म्हणून सगळी कार्डं उलटी होती, पाठीमागे फक्त लांबी, तंत्र आणि एका शब्दात मूड. लांबलचक टेबल, त्यावर कार्डांच्या पाच रांगा. त्या एक कार्ड उचलायच्या, रांगेत घालायच्या, मागे सरकून बघायच्या, परत काढायच्या.

त्यांचं म्हणणं असं, की कार्यक्रमातली पहिली फिल्म सर्वोत्तम असून उपयोगाची नाही. लोक अजून खुर्च्या शोधत असतात, कुणाचा फोन चालू असतो. पहिलीने फक्त डोळे आणि कान जाग्यावर आणायचे. लांब फिल्म शेवटी, कारण ती मधे घातली तर तिच्यानंतरच्या सगळ्या फिल्म्स उपऱ्या वाटतात. एकाच तंत्राच्या दोन लागोपाठ नकोत. दोन मेलेली माणसंही लागोपाठ नकोत. आणि माझ्यासारखी अंधारी फिल्म पहिली कधीच नको, कारण उशिरा येणारे दार उघडतात आणि बाहेरचा प्रकाश पडद्यावर येतो. हे ऐकून माझा एक जुना प्रश्न सुटला. बहुतेक ठिकाणी मी तिसरी किंवा चौथी का असते, ते मला कळत नव्हतं. मी त्यात कसलीतरी क्रमवारी शोधत होते. कारण निघालं दाराचं.

त्या टेबलावर मी एक कार्ड तीन वेळा रांगेत जाऊन तीन वेळा बाहेर येताना पाहिलं. शेवटी ते बाजूच्या गठ्ठ्यात गेलं. फिल्म त्यांना आवडली होती, त्यांनी तसं सांगितलंही. तिच्याशेजारी ठेवायला काही सापडलं नाही, एवढंच. त्या कार्डाच्या मालकाला आठवड्याभरात विक्रमी संख्येचं पत्र गेलं असणार.

म्हणूनच एखाद्याची फिल्म नाकारली गेली की मी लगेच सांत्वन करत नाही. आधी लांबी विचारते.

ही शेजाराची भानगड अ‍ॅनिमेशनच्या जन्मापासूनच आहे म्हणा. २८ ऑक्टोबर १८९२ला एमिल रेनो या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात हाताने रंगवलेल्या पट्ट्यांचा पहिला जाहीर खेळ केला (असिफा याच तारखेला दरवर्षी आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन पाळते), तेव्हाही ती एक फिल्म नव्हती, तीन छोट्या गोष्टींचा कार्यक्रम होता. फरक एवढाच, की तिन्ही त्याच्याच, आणि यंत्रही तो स्वतःच फिरवायचा. हवं तिथं थांबायचं, हवं तिथं मागे न्यायचं. मला तेवढाच हेवा वाटतो त्याचा.

कारण आमचं यंत्र दुसरा कोणीतरी चालवतो. महोत्सवाच्या सकाळी, सिनेमागृह उघडायच्या आत, तांत्रिक चाचणीसाठी दहा मिनिटं मिळतात. मिळालीच तर. मी कधीच सोडत नाही. फिल्म डीसीपीच्या (डिजिटल सिनेमा पॅकेजच्या) रूपात दिलेली असते, म्हणजे प्रत्येक फ्रेम वेगळी दाबून ठेवलेली, रंग सिनेमाच्या प्रोजेक्टरला कळतील अशा मापात बदललेले. माझी मूळ फिल्म १९२० बाय १०८०, सिनेमागृहाची फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८०. म्हणजे दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी उरते. काही जण त्या पट्ट्यांपायी झोप घालवतात. माझी फिल्म मुळातच काळी, तिच्या पट्ट्यांना कोण विचारतो?

माझी काळजी काळ्याच्या आतली. घरी मॉनिटरवर पांढऱ्याची चमक १०० निट्सच्या (चमक मोजायचं एकक) आसपास, सिनेमाच्या पडद्यासाठी ठरलेली ४८. त्यात दिवा जुना असला तर आणखी कमी. आणि प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतोच. बाहेर जाण्याच्या दारावरचा हिरवा दिवा, पायऱ्यांवरचे दिवे, सगळं त्यात मिसळून पडदा राखाडी होतो, आणि काळ्याला लागून असलेले करडे त्या राखाडीत बुडतात. माझ्या बाबतीत बुडतात ते नेमके ते डाग. पहारेकऱ्याचा हात दिसतो, हाताचा मागे राहिलेला धूर दिसत नाही. मग उरतं काय, तर जरा गचाळ काढलेला एक म्हातारा. म्हणून सिनेमागृहासाठीची प्रत मी वेगळं ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेडाची वेगळी जुळवणी, करून घेतली, खालचे करडे दोन पायऱ्या वर उचलून. मॉनिटरवर ती धुतल्यासारखी दिसते. पडद्यावर बरोबर दिसते.

आवाजाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. सिनेमागृहातल्या साउंड प्रोसेसरवर आवाज कमी-जास्त करायचा फेडर असतो, आणि ७ हा त्याचा ठरलेला आकडा. मिक्सिंग थिएटरमध्ये माझा आवाज ७ वर बसवलेला. पण शॉर्ट फिल्म्सच्या कार्यक्रमात आठ-नऊ फिल्म्स आठ-नऊ खोल्यांत मिक्स झालेल्या असतात. कोणी हेडफोनवर केलेलं असतं, कोणी स्वयंपाकघराएवढ्या खोलीत. त्यातली एखादी कानठळ्या बसवते, लोक तक्रार करतात, मग प्रोजेक्शनिस्ट सगळा कार्यक्रम ५ वर लावून मोकळा होतो. ५ वर माझ्या फिल्ममधला श्वास नाहीसा होतो. नळ गळायचा थांबतो. यंत्र चालतंय की नाही, हा जो एकच प्रश्न फिल्ममध्ये आहे, तो ऐकूच येत नाही.

एका चाचणीतला प्रसंग सांगते. प्रोजेक्शनिस्ट साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, अतिशय सभ्य. मी म्हटलं, ‘सातवर लावता का?’ त्यांनी काही न बोलता कार्यक्रमपत्रिका माझ्यासमोर धरली आणि माझ्या आधीच्या फिल्मवर बोट ठेवलं. मग ती फिल्म शेवटाकडे नेऊन ७ वर वाजवून दाखवली. शेवटी एक कारखाना फुटतो. रिकाम्या सभागृहात माझ्या पायाखालची जमीन हलली. त्यांनी फेडर ५ वर आणला, माझ्याकडे बघितलं. मी माझी फिल्म लावायला सांगितली आणि दोघं मधल्या रांगेत जाऊन बसलो. पहारेकरी दार उघडतो, उभा राहतो, ऐकतो. काहीच नाही. त्यांनी मान तिरकी केली, मग मला म्हणाले, ‘इथं काहीतरी आहे का?’ मी म्हटलं, ‘तेच तर.’ ते उठले, साडेपाच केलं. मी सहा म्हटलं. ते हसले आणि साडेपाचवरच ठेवलं. संध्याकाळी मात्र कारखाना फुटून झाल्यावर, माझ्या पहिल्या काळ्या फ्रेमवर, कुणीतरी हळूच आवाज वर केला. ते मला स्पष्ट कळलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना शोधायला वर गेले, पण ते पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीत होते, दाराच्या काचेतून नुसता हात केला.

एवढं सगळं जमून आलं तरी आधीची फिल्म तुमच्या हातात नाही. एके ठिकाणी माझ्या आधी तीन मिनिटांची एक धमाल फिल्म होती, चकचकीत रंग, शेवटच्या सेकंदाला बेडूक फुटतो. सभागृह कोसळलं. त्या हसण्यातच माझं पहिलं मिनिट गेलं. पहारेकरी कागदाच्या गठ्ठ्याला अडखळतो, तिथं लोक पुन्हा हसले. झालं, ही विनोदी फिल्म आहे असं ठरलं. यंत्राचा पहिला ठोका येतो तेव्हा कुणीतरी ‘धडाम’ असा आवाजही काढला. मग साधारण चौथ्या मिनिटाला हळूहळू गप्प झाले, आणि ती शांतता ओशाळल्यासारखी होती. आपण चुकीच्या ठिकाणी हसलो की काय, अशी. माझ्या याच फिल्मला दुसऱ्या एका महोत्सवात बर्फावरच्या एका संथ फिल्मच्या मागे बसवलं होतं. कट जवळजवळ नाहीत, नुसता बर्फ आणि वारा. ती संपल्यावर लोक इतके निवांत झाले होते, की पहारेकऱ्याने किल्ली लावली तेव्हा कुलपाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असावा. टाळ्या बेडकाच्या दिवशी जास्त पडल्या, हेही सांगायला हवं. पण बर्फाच्या दिवशी बाहेर जिन्यात एक मुलगा मला म्हणाला, ‘ते डाग मुद्दाम ठेवलेत ना?’ एवढ्या हिंडण्यात डागांबद्दल आपणहून बोललेला तो पहिला.

बाकी प्रश्न ठरलेले. कार्यक्रम संपला की सात-आठ दिग्दर्शकांना मंचावर रांगेत उभं करतात, माइक एकच, आणि प्रत्येकाला एक प्रश्न. मला नेहमी येतो तो : किती चित्रं काढली? सेकंदाला बारा फोटो धरले, तर नऊ मिनिटांचे साडेसहा हजारांच्या आसपास होतात. हा आकडा सांगितला की सभागृह ‘ओहो’ करतं. पण कागद मोजले तर साठेकच आहेत, प्रत्येक शॉटला एक, कारण सगळं त्याच कागदावर काढून पुसलेलं. हे सांगितलं की लोकांचा थोडा हिरमोड होतो, जणू मी काम कमी केलंय. बाहुल्यांवाल्यांना विचारतात, बाहुल्या आता कुठं आहेत. थ्रीडीवाल्यांना विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर. गोष्टीबद्दल विचारत नाहीत. अ‍ॅनिमेशनवाल्याकडे गोष्टही असेल हे लक्षातच येत नसावं.

आनसीला मी गेले ती निव्वळ प्रेक्षक म्हणून, आणि ते बरंच झालं. तिथलं सभागृह म्हणजे वेगळंच प्रकरण. दिवे जायच्या आधी लोक कागदाची विमानं करून पडद्याच्या दिशेने सोडतात, आणि एखादं मंचापर्यंत पोचलं की अख्खं सभागृह टाळ्या वाजवतं. पडद्यावर ससा दिसला की सगळे एका सुरात ओरडतात, ‘लापँ!’, म्हणजे फ्रेंचमध्ये ससा. ससा कुठल्या संदर्भात आलाय याच्याशी काही देणंघेणं नाही. मी बघत होते त्या कार्यक्रमात एका अतिशय दुःखी फिल्ममध्ये मुलीच्या पांघरुणावर ससा छापलेला होता. कोपऱ्यात, बोटभर. हजारभर लोक ओरडले. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली वाकल्या, त्या बहुधा त्याच टीममधल्या असाव्यात. पण गंमत पुढं झाली. ओरडून झाल्यावर ते हजारभर लोक ताबडतोब चिडीचूप झाले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. कसलेला प्रेक्षक आहे तो. दंगा कधी थांबवायचा हे त्याला बरोबर कळतं. घरी आल्यावर मी माझी फिल्म शॉट-शॉट तपासली, कुठं ससा नाही ना म्हणून.

आता बोगस महोत्सवांबद्दल. फिल्म कुठल्याही संकेतस्थळावर नोंदवली की आठवड्याभरात ईमेल सुरू होतात : तुमचं काम आम्हाला भावलं, सवलतीचा कोड सोबत. काही तर अर्ज न करताच निवड कळवतात. दर महिन्याला महोत्सव, शंभरेक विभाग, प्रत्येकात सर्वोत्कृष्ट, आणि ट्रॉफी हवी असेल तर पैसे भरून मागवा. अशा एकाची फांदी मलाही आली होती, ती पोस्टरवर गेली नाही. ओळखायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. मी सोपी खूण सांगते. गेल्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका शोधा. कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या सभागृहात, कुठल्या क्रमाने काय दाखवलं, हे सापडलं तर महोत्सव खरा, मग तो पन्नास खुर्च्यांचा का असेना. नुसतीच विजेत्यांची यादी सापडली, तर तिथं तुमच्या फिल्मला शेजारीच नाहीत. कोणी कुणाच्या मागेपुढे नाही, कारण कोणी काही दाखवलेलंच नाही.

पैशांचं थोडक्यात. अ‍ॅनिमेशनच्या जुन्या महोत्सवांपैकी बरेच प्रवेशशुल्क घेत नाहीत, त्यामुळे आधी ते. बाकीच्यांना साधं, नम्र पत्र लिहून शुल्कमाफी मागायची, निम्मे तरी उत्तर देतात. स्पर्धेत असाल तर राहायची सोय काही रात्रींपुरती होते, प्रवासखर्च क्वचित. दाखवण्याचं मानधन देणारे मोजके, त्यांची नावं मनात कोरून ठेवावीत. आर्टे, कॅनाल प्लस यांच्यासारख्या वाहिन्या शॉर्ट फिल्म्स विकत घेतात आणि भाव मिनिटावर ठरतो, तिथं साडेनऊ मिनिटांचा पहिल्यांदा फायदा वाटतो. संगीताचे हक्क मात्र सुरुवातीलाच, सगळ्या माध्यमांसाठी लिहून घ्या. फक्त महोत्सवांपुरते घेतले, तर वाहिनीचं पत्र आल्यावर संगीतकाराशी नव्याने बोलणी करावी लागतात, आणि तेव्हा तो तुमच्यापेक्षा शहाणा झालेला असतो.

आता फिल्मचं महोत्सवी वय सरलंय. येत्या महिन्यात ती सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकतेय, तेव्हा रुसलेल्यांनी परत यावं. तिथं शेजारी कोण, ते संकेतस्थळाचा अल्गोरिदम ठरवणार. माझ्या श्रेयनामावलीवर पुढच्या व्हिडिओचा चौकोन येईल, हे मी मान्य केलंय. फोनवर बघणार असाल तर चमक पूर्ण वर न्या आणि कानात काहीतरी घाला, एवढी विनंती. आणि हो, तिथं मी सिनेमागृहाची नाही, मूळ, जास्त काळी प्रत टाकणार आहे.

नव्या फिल्मचं स्टोरीबोर्ड चालू आहे. सात मिनिटांच्या आतली, आणि बऱ्यापैकी उजेडातली. तिची सुरुवात काळ्या पडद्यावर फक्त आवाजाने होते. आगगाडी लांबून येते, जवळ येते, निघून जाते, आणि मग पहिलं चित्र. आधी बेडूक फुटो की कारखाना, गाडी जाईपर्यंत लोक माझ्या फिल्ममध्ये आलेले असतील, असा हिशेब. माझ्या मते त्याला बारा सेकंद लागतात. माझा साउंड डिझायनर म्हणतो, बारा सेकंद काळं दिसलं तर प्रोजेक्शनिस्ट फिल्म अडकली समजून धावत येईल, सहा पुरेत. सध्या आम्ही नऊवर अडलोय.